माघीच्या दिवशीचा एक घोट

माझी थोरली जाऊ बसमती रोवणीला वाकली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि आम्ही बायका चिखलात हसून आडव्या व्हायचो. तेवढं हसू आमचं. बाकी बैल जिमदाराचे, झोपडीखालची जमीन जिमदाराची, नवरेसुद्धा वर्षभर त्याचेच.

सुटायला एकच दिवस, माघीचा, माघ महिना लागतो त्या सणाचा. राबणाऱ्याने मालकाच्या दारात उभं राहून ‘यंदा नाही’ म्हणायचं. म्हटलं की मोकळा. पण त्याआधी मालकाच्या घरचं काही तोंडात गेलं तर वर्षभरासाठी बांधला गेला. कागद नको, अंगठा नको.

त्या वर्षी मालकिणीने बसमतीची पोर मागितली होती. सुकनी, नऊ वर्षांची. काठमांडूच्या सुनेकडे भांडी घासायला. “तुम्ही राहणार म्हणजे पोर जाणार, त्यात विचारायचं काय?” मालकीण म्हणाली होती. आमच्यातल्याच लौटनची मुलगी अशीच गेली होती. ती परत आली ती बोलेनाशी होऊन.

नदीपलीकडचा एक शेतकरी मात्र बसमतीला नि तिच्या नवऱ्याला, जोखनला, कामावर ठेवायला तयार झाला होता. पोर नको म्हणाला होता. जोखनने जाऊन ते दोन शब्द म्हणायचे, बस्स.

पहाटे नदीत बुडी मारून आल्यावर बसमतीने नवऱ्याला बजावलं, “सुकनीचे बा, तोंड शिवून जा.”

“शिवलं तर ‘नाही’ कुठून म्हणू?”

“तेवढ्यापुरतं उसवा. आणि लगेच माघारी.”

जोखन हसत गेला. इकडे आम्ही सणाच्या, तांदळाच्या पिठाच्या ढिकऱ्या वाफवायला घेतल्या. तो परतला तेव्हा आत न येता उंबऱ्यावरच टेकला.

“म्हणालात?”

“मालकांनी मला खाटेवर बसवलं गं.”

“म्हणालात का?”

“शेजारी बसवलं. माझ्या बाचा जन्म त्या अंगणात उकिडवा बसून गेला. मला म्हणाले, बस जोखन, तू घरचा माणूस. वाडगा स्वतःच्या हाताने पुढे केला. हात कसा मागे घेऊ?”

“प्यायलात.”

“एकच घोट.” मग खाली बघत पुटपुटला, “जांड तुझ्याच हातची होती.”

खरंच होती. मालकिणीच्या सणासाठी भाताची ती दारू बसमतीनेच गाळून दिली होती.

मला वाटलं, ती आता त्याला लाकडाने बडवते. तिने कोपऱ्यातली आमची जांडेची घागर कमरेवर घेतली आणि तरातरा निघाली. मागून मी, माझ्यामागून जोखन.

जिमदाराच्या अंगणात आमचेच लोक रांगेने डुकराचं मटण खात बसले होते. तिने घागर खाटेपाशी ठेवली.

“मालक, ह्यांनी एक घोट घेतला. ही अख्खी घागर घ्या नि आमचा घोट परत द्या.”

अंगण खदखदून हसलं. आमचेच लोक.

“अगं, पोटात गेलेलं परत कसं देऊ?” जिमदारही मजेत होता. “ओकायला लावू त्याला?”

“लावा. ओकतील ते.”

कुणी काही म्हणायच्या आत जोखनने घशात बोटं घातली. एकदा, दोनदा. डोळे बाहेर आले, मग भडाभडा सगळं पडलं, खाटेच्या पायाशी. हसणं थांबलं. तोंड पुसून तो म्हणाला, “यंदा नाही, मालक.”

आतून मालकीण धावली. “सणाच्या दिवशी अंगण बाटवलंस, मेल्या! बघत काय बसलीस गं, काढ ते!”

बसमती गोठ्यातून शेण घेऊन आली आणि गुडघ्यावर बसून अंगण सारवायला लागली. मालकीण ओरडली की हात चालायचे, सवयच ती. सारवून झाल्यावर ती उठली तेव्हा जिमदार शांतपणे म्हणाला, “घ्या. कामालाही लागली. आता कसलं ‘यंदा नाही’?”

बसमतीने शेणाच्या हातांकडे पाहिलं. रांगेतला एकजण पुन्हा मटण चावायला लागला.

सुकनीला न्यायला जिमदाराचा मुनीम आला. बसमती तिची वेणी घालत सांगत होती, “रडायचं नाही. रडणाऱ्या पोरीला जेवायला मागनं देतात. उष्टं दिलं तरी खायचं. रात्री दाराला आतून कडी आहे का, ते आधी बघ.”

“नसली तर?”

“नसली तर घागर लाव दाराला. पाण्याने भरलेली.”

पोर मान हलवत बसमध्ये चढली.

पुढच्या माघीच्या आधी नदीपलीकडचा शेतकरी स्वतः विचारायला आला. सुकनीची ना चिठ्ठी, ना निरोप. कोणत्या गल्लीत आहे विचारलं तर मालकीण म्हणायची, तुला काय करायचंय, खातेय पितेय.

जोखन तयार होता. “यंदा दारातूनच ओरडतो, आत पाऊलच टाकत नाही.”

“आणि पोर आली म्हणजे?” बसमती म्हणाली. “तिला हीच झोपडी माहीत आहे. इथे दुसरंच कुणी दिसलं तर कुणाला विचारेल?”

शेतकरी नावेकडे निघून गेला. माघीला जोखन जिमदाराच्या अंगणात गेला आणि रांगेत उकिडवा बसून पुढे आलेला वाडगा त्याने रिकामा केला.