यमाच्या हातचा चहा

आमच्या ह्यांना यम व्हायचं होतं आणि मला ते अजिबात सोसत नव्हतं.

उन्हाळ्यातच ह्यांच्या छातीत स्टेंट टाकून आणल्या होत्या. दवाखान्याच्या त्या काचेच्या दाराबाहेर बसून मी कुठल्या देवाला काय काय बोलले ते माझं मला ठाऊक. जन्मभर शाळेत ड्रिल मास्तर असलेला माणूस, शिट्टी न वाजवता मैदान गप करणारा, घरी आला तो पाणी मागतानासुद्धा हळू बोलायला लागला. भेटायला येणारे दबक्या आवाजात बोलायचे, जसा काही माणूस गेलाच आहे. आणि सगळ्यांत वाईट मी. बादली उचलू देत नव्हते, पायरी एकट्यानं उतरू देत नव्हते. रात्री जाग आली की नाकाशी हात धरून श्वास बघायचे. एकदा ते जागेच होते. "हाय अजून," म्हणाले आणि कूस बदलली.

कोजागरीच्या आधी आमच्या चौसाळ्याच्या हायवेनं माणसं रात्र-रात्र तुळजापूरला पायी चालतात. गावातली पोरं दरसाल कडेला मांडव टाकून चहा-पोहे देतात. मागच्या साली एका बाईला जीपचा धक्का लागला, आई भवानीनंच वाचवली. म्हणून पोरांनी ठरवलं की या साली चालणाऱ्यांच्या पिशव्यांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि रस्त्याच्या मधून चालणाऱ्यांना कडेला घालायला एक यम उभा करायचा. यमाला आवाज पाहिजे. आवाज म्हटल्यावर पोरं आमच्याच दारात.

"मास्तर, तुमीच पाहिजेत बगा."

हे कॉटवर ताडकन उठून बसले. उन्हाळ्यापासून ह्यांच्या तोंडावर असा उजेड मी बघितला नव्हता, तरी माझं डोकं फिरलं.

"त्याच्याच दारातून माघारी आणलंय, आन आता त्याचेच कपडे घालणार? दुसरं सोंग न्हाई का जगात? मारुती व्हा की."

"मारुतीला उड्या माराव्या लागतात," हे म्हणाले. "डॉक्टरनं दम लागंल असं काई करू नका म्हणलंय."

लेक म्हणाला, मग मी रेडा होतो. तुला काही वेगळं करावं लागणार नाही, असं मी त्याला सांगितलं. सुनेवर माझा भरवसा होता, शिकलेली पोरगी, समजूत काढेल. ती आरशापुढं उभी राहून मिशी चिकटवून बघत होती. ती चित्रगुप्त. म्हणजे घराचं घर खुळं झालेलं. मी बजावलं, असल्या अभद्र तमाशाला मी येणार न्हाई. आणि जिभेखाली ठेवायची गोळी पदराच्या गाठीला बांधून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

नाटकाच्या ड्रेपरीवाल्याकडून आणलेला काळा मखमली अंगरखा, शिंगांचा मुकुट, काजळाची मिशी, थर्माकोलची गदा. हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि घसा खाकरला.

"ए पांढरी टोपी, कडंला सरा. मी आज सुट्टीवर हाय, उगं कामाला लावू नका मला."

सगळा घोळका हसत हसत कडेला झाला. तो आवाज मला किती महिन्यांनी ऐकू आला. मला आनंद झाला आणि आनंद झाला म्हणून राग आला. मी पातेल्यात डोकं घालून चहा ढवळत बसले.

मध्ये थोडी गर्दी ओसरली, तसा ह्यांनी चहाचा ट्रे उचलला. कुणी घेईना. एक बाई तर पदर सावरून लांबून वळसा घालून गेली. पुढच्या पोराच्या हातचा चहा लोक घेत होते, ह्यांच्या हातचा नाही.

"यमाच्या हातचा च्या कोण पिणार बे," कुणीतरी हसलं.

ह्यांनी ट्रे खाली ठेवला. तोंड एवढंसं झालं. मघापासून मीच अभद्र अभद्र म्हणत होते, पण त्या बाईचा मला असा संताप आला की बास.

मग एक म्हातारी आली. घोळक्याच्या मागं राहिलेली, अनवाणी. सुनेनं तिच्या पिशवीला पट्टी चिकटवली, तशी ती सरळ ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि हात जोडले.

"बाबा, लेक बीडच्या दवाखान्यात हाय माझी. बाळंतपण लई अवघड झालंय. तिच्या दाराला जाऊ नको."

ती काही खुळी नव्हती. मिशी काजळाची आहे, गदा थर्माकोलची आहे, तिला सगळं दिसत होतं. पण ज्याला सांगायचं तो कधी समोर सापडत नाही ना. आज सापडला होता.

आमचा रेडा हसायचा थांबला. ह्यांनी गदा खाली ठेवली.

"न्हाई जात, माय," हे म्हणाले. ड्रिलच्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. "तिकडं माझं काईच काम न्हाई."

म्हातारीनं मान हलवली. ह्यांनी ट्रेमधला कप पुढं केला तो ह्यांच्या हातून घेतला, फुंकून फुंकून उभ्यानंच चहा प्याली आणि चालायला लागली. अंधारात तिच्या पिशवीची पट्टी बराच वेळ चमकत राहिली.

मला काय झालं कोण जाणे. पळी पातेल्यात सोडली आणि म्हातारी जिथं उभी होती तिथं जाऊन उभी राहिले. हात काही जोडले गेले नाहीत. नवऱ्यापुढं इतक्या वर्षांत कधी जोडले नव्हते.

"आन आमच्या घरी?" मी विचारलं. "आमच्या घरी कवा येणार हाय तुमी?"

 ह्यांच्या मुकुटाचं एक शिंग वाकडं झालं होतं. हे जवळ आले आणि मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू बोलले.

"तुमच्या घरी तर मी ऱ्हायलाच हाय. दोन वेळचं अळणी खातो आन पडून ऱ्हातो. आता मला भ्यायचं सोड की."