गोदाबाईच्या सुनेची शुगर

आमच्या नायगावकडच्या सरकारी दवाखान्यात मी झाडलोट करतो, पाणी भरतो. माणसं येतात, औषध घेऊन जातात अन् किस्से इथंच टाकून जातात. माझ्याकडं लई साठले. पण गोदाबाईनं सिस्टरचं डोकं जेवढं फिरवलं, तेवढं कुणीच न्हाई!

गोदाबाईची सून रेणुका. तिचं पहिलं लेकरू पोटात लई मोठं झालं, बाळंतपणात अडकलं अन् गेलं. तेव्हा तिची शुगर कुणी तपासलीच नव्हती. म्हणून या खेपेला सिस्टर मागंच लागल्या.

*

"सकाळी काही न खाता यायचं," सिस्टरनं बजावलं. रेणुका सासूसंगं आली. रक्त घेताना सिस्टरला तिचा तळहात चिकट लागला.

"काय खाल्लंस गं?"

"काही न्हाई बाई. निघताना आत्यांनी हातावर दही-साखर ठेवली, तेवढीच."

गोदाबाई म्हणाली, "चांगल्या कामाला निघाली. तशीच कशी पाठवू?"

झालं! उद्या परत.

*

दुसऱ्या दिवशी ग्लुकोजचं पाणी दिलं. सिस्टर जरा पाठमोऱ्या झाल्या अन् वळल्या, तर ग्लास सासूच्या तोंडाला!

"अहो, तपासणी कुणाची हाय?"

"सासूच्या आधी गोड पीत न्हाई आमची सून," गोदाबाई कौतुकानं बोलली. "वळण हाय तिला!"

सिस्टर मला म्हणाल्या, "मामा, आता माझंच बीपी बघा!"

*

शेवटी शुगर निघाली वाढलेली. गोड बंद, जेवल्यावर अर्धा तास चालायचं. पंधरा दिवसांनी बघितली, तर आणखी वर!

"चालतेस का?"

"रोज. आत्या असतात सोबत."

"अन् साखर?"

"घरात चिमूटभर न्हाई."

मग एक दिवस घरोघर फिरणाऱ्या आमच्या आशाताई त्या दोघींच्या मागं मागं गेल्या. पोटुशी बाई दारावरून चालली, तर आमच्याकडं तशीच कोण जाऊ देतं? पाच दारं, पाच चहा! एका घरी तर शिरा!

*

मग इन्सुलिन आलं. गोदाबाई अडून बसली. "पोटुशीला सुया? लेकरू भरलं पाहिजे का वाळलं पाहिजे?" सिस्टर रडकुंडीला आल्या.

मी हळूच म्हणलं, "मावशी, सुई लेकराच्या भल्यासाठीच हाय."

"तुमी झाडा!"

मी झाडलं. रेणुकानं मात्र गपचूप दंड पुढं केला.

*

नांदेडला बाळंत झाली. सिस्टर अन् मी वॉर्डात बघायला गेलो. सिस्टरनं कागद वाचला, "तीन किलो. एकदम छान!"

गोदाबाईचं तोंड उतरलं. "एवढंच? पहिलं साडेचार किलोचं होतं!"

सिस्टरनं कपाळाला हात लावला.

सासूला कधी उलटून न बोललेली रेणुका खाटेवरून म्हणाली, "आत्या, पहिलं रडलंच न्हाई. हे रडतंय."