आमसुली अभ्रा

कणकवलीच्या एस.टी. स्टँडवर आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तुम्ही म्हणाल, पोरगा पहिल्यांदा घर सोडून पुण्याला निघालेला, आई दुसरीकडे कुठे बघणार? पण ती बघत होती माझ्या उजव्या गालावरची पुळी. आमच्या गावाहून, मिठबावहून येताना एस.टी.च्या काचेत बघून मी ती वाटेत फोडली होती. वडील ट्रंक टपावर चढवत होते, धाकटी बहीण कुंदा खिडकीतून उशी आत ढकलत होती आणि आई म्हणाली, "पोचलंस काय पत्र घाल. वेळार जेव. आणि तोंडाक हात लावू नको."

गाडी सुटल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तोंडाला हात लावला.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले मजेत आहेत. गेलेल्यांना वाटतं, आपलं काय चाललंय ते राहिलेल्यांना कळत नाही. मलाही तसंच वाटायचं. एका उशीच्या अभ्र्याने माझा तो समज काढला. गोष्ट मुळात माझ्या पुळ्यांची आहे हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी बारावी होऊन वर्षभर घरी होतो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून कुंदा म्हणायची, "दादाच्या तोंडार पेरणी बरी झाली हा." वडील मिठबावच्या शाळेत मास्तर. मी इथंच कुठल्यातरी शाळेत चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. मी पुण्यातल्या एका साड्यांच्या दुकानात नोकरी धरली. वडील घरात मालवणी बोलत, पण निर्णय शाळेच्या भाषेत देत. "मधुकर, सहा महिने बघ. जमलं नाही तर निमूट परत ये," असं ते म्हणाले. मधुकर म्हटलं की समजायचं, यावर अपील नाही.

सामानात दोन वस्तू महत्त्वाच्या. एक, कुळथाच्या पिठाचा डबा. ते खायला नव्हतं, तोंडाला लावायला होतं. ताकात कालवून गालांना फासायचं आणि सुकलं की ओल्या बोटांनी हळूहळू चोळून काढायचं, हा आईचा इलाज. दुसरी वस्तू, सावरीच्या कापसाची उशी. तिचा अभ्रा कुंदाने आईच्या जुन्या लुगड्याचा शिवला होता. रंग अगदी वाळलेल्या आमसुलाचा, काळपट लाल. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने तिने बांगडा काढला होता. तिच्या मते ते कमळ होतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी आणि सांगलीकडचा विलास, असे दोघं राहायचो. पहिल्याच दिवशी त्याने डबा उघडून विचारलं, हे काय? आता चांगला मिशा फुटलेला बाप्या तोंडाला पीठ लावतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, आमच्याकडे याची पिठी करून भातावर घेतात. खोटं काहीच नव्हतं. विलास म्हणाला, "मग कर की," आणि लसूण सोलायला बसला. पंधरा दिवसांत डबा रिकामा. माझ्या गालांना चिमूटभरही मिळालं नाही. विलास मात्र तजेलदार दिसायला लागला, निदान मला तरी.

इकडे शेठजींनी पहिल्याच आठवड्यात माझा निकाल लावला होता. "गिऱ्हाइकाने साडीकडे बघायचं की तुझ्याकडे? चेहरा बरा होईपर्यंत मागे घड्या घाल. सहा महिन्यांत काउंटरला उभा राहिलास तर पक्का करतो, नाहीतर गाव आहेच." म्हणजे सहा महिने वडिलांचे आणि सहा महिने शेठजींचे. माझं सगळं भवितव्य गालांवर येऊन बसलं.

मग मी औषधांच्या दुकानासमोर उभा राहायला शिकलो. गावात निवड नव्हती, कुळीथ नको असेल तर कुळीथच. इथे काचेच्या कपाटात ओळीने साबण, लोशनं, ट्यूबा. त्यातलं काय निवडावं, हे ज्याला कळतं तो डॉक्टर होतो. ज्याला कळत नाही तो सगळंच घेतो. मी आधी गंधकाचा साबण घेतला. मग टाचा घासायचा काळा दगड घेतला, तोही टाचांसाठी नाही. शेवटी विलासच्या मावसभावाने आखातातून आणलेली ट्यूब हाती लागली. तिच्यात जर्दाळूच्या बियांचा भरड चुरा होता आणि वर एका गोऱ्या बाईचं चित्र. त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ती घासत काय होती, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पण आम्ही समुद्राकाठची माणसं. मासा असो, नारळ असो, वरचं खरवडून काढल्याशिवाय आतलं चांगलं हाती लागत नाही, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. एका रविवारी मी तोच नियम गालांना लावला. आधी साबण, मग दगड, मग ट्यूब. खवलं काढताना धरतात तसा हनुवटीकडून कपाळाकडे हात. सोमवारी सकाळी आरशात सोललेली कोळंबी दिसली. शेठजींनी मला घड्यांच्या खोलीतून काढलं आणि आणखी मागे, खोकी ठेवतात तिथे बसवलं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, "ही काय खरकटी कढई आहे? घासणं आजपासून बंद. पुळी मळाने येत नाही, त्यामुळे घासून जात नाही." मग बेन्झॉइल पेरॉक्साइडची ट्यूब लिहून दिली. झोपताना वाटाण्याएवढी, पातळ लावायची. वरची मेलेली कातडी आपोआप सुटेल, धीर धरायचा, तेल लावायचं नाही. पुढे ते कपड्यांबद्दल काहीतरी सांगत होते, पण मी त्यांच्या कपाटाच्या काचेत स्वतःला बघत होतो. दारातून बाहेर पडताना शेवटचं ऐकू आलं, "आणि चेहऱ्याला हात लावू नका." म्हणजे फी भरून मी आईचंच वाक्य ऐकून आलो, फक्त शुद्ध मराठीत.

औषध लागू पडलं. चेहरा आधी कोरडा झाला, मग बारीक पापुद्रे निघाले, आणि दोन-अडीच महिन्यांत गाल माणसाचे दिसायला लागले. शेठजींनी मला काउंटरला उभं केलं. एकच गडबड झाली. माझ्या आजूबाजूच्या कापडांचे रंग जायला लागले. आधी अभ्रा, मग पंचा, मग तपकिरी शर्टाची कॉलर. मी कापडाच्या दुकानातला जाणकार माणूस, तेव्हा मनातल्या मनात कुंदाच्या कापडाला नावं ठेवली. विलासने एकदा पंचा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "मधू, तू तोंड पुसतोस का तोंडाने पंचा पुसतोस?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर कपड्यांबद्दल काय सांगत होते, तेही कळलं: या मलमाने कापडाचा रंग उडतो.

बाकी पुण्यात बरं चाललं होतं. पत्रात मी तसंच लिहायचो. झोप लागायला थोडा वेळ लागायचा, कानाला समुद्राच्या गाजेची सवय. असो.

शिमग्याला चार दिवसांची रजा मिळाली. एस.टी.त मान टेकायला उशी बरोबर घेतली, ही माझी शेवटची आणि मोठी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ती उन्हात टाकायला अंगणात नेली आणि तिथेच थांबली. आमसुली अभ्र्याच्या मध्यावर पिवळट पांढरा डाग, ताटलीएवढा.

"ह्या लुगडा मी पंधरा वर्षा नेसलंय," ती म्हणाली. "तेचो रंग कधी गेलो नाय."

आमच्याकडे रंग कशाने जातो, हे पोराटोरांना ठाऊक असतं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचे सदरे दोन मोसमांत विटतात, ते खाऱ्या पाण्याने. आईने अभ्रा उलटा केला. तिकडेही तसाच डाग. तिने तिथूनच वडिलांना हाक मारली, "ऐकलांत? झील रडता थंय. खाऱ्या पाण्यान अभ्रो विटलो." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी.

वडील ओटीवरून उतरून आले. अभ्रा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मधुकर," ते म्हणाले. "परत जायचं कारण नाही. हायस्कुलात लेखनिकाची जागा आहे. सोमवारी हेडमास्तरांना भेटू."

म्हणजे ज्या काउंटरसाठी मी तोंड सोलून घेतलं, तो तोंडाच्याच औषधाने हातचा जायला निघाला. जुन्या कापडाचा रंग असाच जातो म्हणालो असतो, तर दुकानातला माणूस म्हणून ऐकलंही असतं. पण कुंदा दारात उभी होती. तिचा बांगडा, म्हणजे कमळ, तेवढं शाबूत होतं. शेवटी मी पिशवीतून ट्यूब काढली आणि सगळं सांगितलं: कुळथाची पिठी, दगड, जर्दाळू, डॉक्टर. वडिलांना आरशासमोर दोन मिनिटांपेक्षा जास्त उभा राहणारा माणूस वाया गेलेला वाटे. त्यांच्यासमोर हे सांगण्यापेक्षा रडतो म्हणणं सोपं होतं.

आई म्हणाली, "लुगड्याचो रंग जाता, आणि तू ता तोंडाक लावतस?"

कुंदा हसायला लागली. वडील हसले नाहीत. ते मास्तर होते. "प्रयोग करून बघूया," म्हणाले. कुंदाने लुगड्याच्या उरलेल्या दोन पट्ट्या आणल्या. एकीला माझं मलम लावलं. दुसरी त्यांनी स्वतः किनाऱ्यावर जाऊन समुद्राच्या पाण्यात भिजवून आणली. दोन्ही दोरीवर शेजारी शेजारी टांगल्या. दोन दिवस आमच्या घरात शिमगा राहिला बाजूला. येता-जाता जो तो दोरीखाली उभा. मीसुद्धा. त्या दोन पट्ट्यांतली कुठली जिंकावी, हे खरं सांगायचं तर मला नक्की ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल लागला. मिठाची पट्टी पापडासारखी कडक झाली होती, पण रंग तसाच. मलमाच्या पट्टीवर डाग उमटला होता, अभ्र्यावरच्यासारखाच.

"सिद्ध झालं," वडील म्हणाले आणि लगेच मालवणीवर आले. "पोरगो रडना नाय. नुसतो नटता."

आई उशी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "मलम गालांक लावतंस मा?"

"होय."

"कुशीर निजणाऱ्याचो डाग एका गालाचो पडता. उताणो निजलो तर पडनाच नाय." तिने डागावर तळवा ठेवला. "ह्यो दोनय गालांचो आसा. आणि मधी नाक. ल्हान असताना रुसलंस काय असोच उपडो निजायचंस, तोंड उशीत घालून. आवाज भायर येव नये म्हणान."

प्रयोग खरा होता. तिचंही खरं होतं.

वडील म्हणाले, "मग सोमवारी हेडमास्तरांका..."

"काय नको," आई म्हणाली. "जाऊक दे तेका. रडाक येता म्हणान कोण जाग्यार परत जाता? मी पिंगुळीसून हंय इलंय, तेव्हा सा म्हयने रडत होतंय. तुमका खबर तरी होती?"

वडिलांना खबर नव्हती, हे त्यांच्याकडे बघून कळलं. ते हातातल्या दोन पट्ट्या उगाच उलटसुलट करत राहिले. पिंगुळी हे आईचं माहेर, तिथे समुद्र नाही. ज्या गाजेमुळे तिला झोप येत नव्हती, तिच्याशिवाय मला येत नव्हती.

"तुमका दिसतला कसा?" ती म्हणाली. "माझो अभ्रो पांढरो होतो."

ती उठून आत गेली. तिच्या ट्रंकेतून एक पांढरा अभ्रा घेऊन आली, डांबरगोळ्यांच्या वासाचा. आमसुली काढून तो तिने उशीला चढवला. "ह्यो ऱ्हवांदे. हेच्यार मलम दिसाचा नाय, आणि दुसरा पण काय दिसाचा नाय. कोणाक सांगाचा लागना नाय."

निघताना पुन्हा तेच. पत्र घाल, वेळार जेव, तोंडाक हात लावू नको. एवढं बोलून तिने स्वतःच माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. हात खोबरेल तेलाचा होता, आणि डॉक्टरांनी तेल सक्त बंद केलं होतं. मी ते तेल पुसलं नाही. आठवडाभराने बरोबर त्या जागी दोन पुळ्या आल्या. त्या घेऊन मी काउंटरला उभा राहिलो. शेठजी बघून न बघितल्यासारखं करून गेले. सहा महिने भरले आणि मी पक्का झालो.

आता माझ्या मुलीच्या कपाटात सॅलिसिलिक, ग्लायकोलिक आणि ज्यांची नावं मला वाचता येत नाहीत अशा बाटल्यांची रांग आहे. कुठली कधी लावायची, हे ती फोनवर बघून ठरवते. मला विचारत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. मी दारातून एवढंच म्हणतो, चेहऱ्याला हात लावू नकोस. तिला वाटतं, हे मी डॉक्टरांकडून शिकलो.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. पुण्यात माझ्या पलंगावर अजून पांढरेच अभ्रे असतात, आणि बायको पाहुण्यांना सांगते की ह्यांना स्वच्छता फार लागते. मिठबावच्या घरी गेलो की मी कपाटाच्या तळाशी हात घालतो. आमसुली अभ्रा तिथेच असतो, दोन गाल आणि एक नाक मिरवत. तो उशीला चढवतो आणि खिडकी उघडी टाकतो. गाज ऐकू येते. तिथे मी उताणा झोपतो.