अप्पांच्या नावाचं कॅरेट

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे सातबारा, खताच्या दुकानाची पावती आणि माझी मार्कशीट. त्यापलीकडे आमच्यात कोणी काही लिहिलं नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय ते तिघंही, म्हणजे आई, भाऊ आणि आमचे वडील अप्पा, हयात आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते. तरी लिहितो आहे, कारण गावात ही हकीकत वेगळी सांगतात. खरी हकीकत माझ्या बाजूची आहे असंही नाही. माझं चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं मला सोडू नये.

आमची वाडी आळ्याच्या पुढे, आण्याच्या पठाराकडे जाताना लागते. दीड एकर जमीन, त्यात टोमॅटो. माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली, पुढे पिकप घेतला, आणि वाड्यावस्त्यांवरचा माल गोळा करून नारायणगावच्या बाजारात किंवा फाट्यावर मोठ्या ट्रकमध्ये भरून द्यायचं काम धरलं. मी मंचरला खोली घेऊन कॉलेज करत होतो. घरातला पहिलाच. खोलीचं भाडं पिकपमधून यायचं.

भावाच्या वर्गात एक होता. चार वर्षांपूर्वी कोंबड्यांच्या गाडीवर क्लीनर होता. आता त्याला सगळे शेठ म्हणायचे. काळी गाडी, काचा लावलेला बंगला, शर्यतीची बैलं. धंदा कसला, तर केमिकलचा. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. आमच्याकडे पैसा कुठून आला हे फक्त गरिबालाच विचारतात.

त्या वर्षीच्या यात्रेतलं एक सांगतो. यात्रेला आमच्याकडे बैलगाडा शर्यत असते. धावपट्टीच्या टोकाला मांडव, मांडवात माईकवाला आणि पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या. अप्पांनी तरुणपणी स्वतःची बैलं पळवली होती, त्यामुळे ते सवयीनं पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. कमिटीतला एक जण आला.

"अप्पा, उठा बरं. शेठ आल्यात."

"अरं मंग दुसरी आण की खुर्ची."

"मोजून आणल्यात, अप्पा. तुमी तिकडं बांधाव बसा. तिथनं लई झ्याक दिसतं."

चार माणसं हसली. अप्पाही हसले. उठले, आणि उठताना खांद्यावरच्या टॉवेलनं ती खुर्ची पुसून दिली. का पुसली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माईकवाल्यानं ते पाहिलं.

"बघा मंडळी, आपल्या अप्पांनी शेठसाठी खुर्ची पुसली! एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. भाऊ समोरच्या बाजूला गर्दीत उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. सगळे वाजवत होते.

त्याच महिन्यात आंबेगाव तालुक्यात भावासाठी मुलगी बघायला गेलो. आतापर्यंत बघितलेली ही अकरावी मुलगी. कांदेपोहे मुलीच्या मामानंच पुढे केले आणि घास तोंडात जाण्याआधीच विचारलं, "शेती किती?"

"दीड एकर," अप्पा म्हणाले.

"म्हंजे पोरगी द्यायची ती खुरपायलाच का, पावणं?"

"पिकप हाय त्याचा सोताचा."

"टायर धरून सोताचा का हप्त्यावर?" मामाच्या शेजारचे खदखदले. मग माझ्याकडं बोट. "आन् हे धाकटं?"

"कॉलेजला हाय."

"हां. अजून खातंयच म्हणा की."

येताना पिकपमध्ये, फाटा आल्यावर आई म्हणाली, "त्या शेठला तीन जागा सांगून आल्यात. तीन. आन् आपण दारोदार." ती कोणाला उद्देशून म्हणाली हे सांगायची गरज नव्हती. गाडी भाऊ चालवत होता.

शेठ आधी माझ्याकडे आला होता, भावाकडे नाही. आळेफाट्यावर मी मंचरच्या एसटीची वाट बघत होतो. त्यानं चहा सांगितला.

"काय कॉलेजवाले! ही पाठीवरची सॅक कुणी कधी उघडून बघितली का?"

"नाही."

"बघणार बी न्हाईत. तुझं तोंडच असं हाय राव, पोलीस तुला उलटा पत्ता इचारील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आठवड्याला एक पुडकं. मंचरवनं पुण्याला. आत काय हाय ते आपण इचारायचं न्हाई."

आत नशेची पावडर आहे, ते मला कळलं होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

मी चार दिवस विचार केला. मी धुतल्या तांदळासारखा आहे असं पुढं कोणाला वाटू नये म्हणून हे लिहितो. त्या चार दिवसांत मला नशेनं वाया गेलेली पोरं आठवली नाहीत. पुढच्या यात्रेत अप्पा पहिल्या रांगेत बसलेले दिसत होते. शनिवारी मी होकार द्यायला फाट्यावर गेलो. शेठ गाडीची काच खाली करून म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. तुझ्या घरातनंच माणूस मिळाला."

मी नकार दिला नव्हता. माझ्या होकाराला उशीर झाला, एवढंच. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच्या मागोमाग भावाचा हेवा वाटला. मी त्याला काही विचारलं नाही. महिन्याभरात त्यानं मला चांगले बूट आणले. मी घातले.

आता कॅरेटचं सांगायला हवं. वीस किलो टोमॅटो मावतात असं ते प्लास्टिकचं कॅरेट. बाजारात हजारो, सगळी एकसारखी. म्हणून प्रत्येक शेतकरी ऑइल पेंटनं त्यावर आपलं नाव, गाव आणि मोबाईल नंबर घालतो, म्हणजे रिकामं कॅरेट फिरत फिरत कधीतरी घरी येतं. दरवर्षी दहाबारा येत नाहीतच. आमच्या कॅरेटवर नाव घालायचं काम माझं. लाल रंग, अप्पांचं नाव, खाली वाडी, खाली नंबर. माझ्या शिक्षणाचा अप्पांना डोळ्यांनी दिसलेला उपयोग तेवढाच. कोणी आलं की एखादं कॅरेट उलटं करून दाखवायचे, "हे धाकट्याचं अक्षर."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. सकाळी दहाच्या सुमारास अप्पांचा फोन वाजला. ते फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात.

"तुमच्या नावाचं एक कॅरेट सापडलंय इकडं हायवेला. लाल अक्षरात नाव हाय, नंबर हाय. तुमचंच का?"

अप्पांचा चेहरा असा फुलला, की मला तो आजही नीट दिसतो. "आमचंच, साहेब! लई उपकार झालं. धा-धा कॅरेटं जात्यात दरसाल, कोण फोन करतंय आजकाल?"

"माल तुम्हीच भरला होता?"

"मंग! सोताच्या हातानं भरतो मी. वर चांगला माल आन् खाली बारका, असली लबाडी न्हाई आपल्यात."

"म्हणजे अगदी तळापर्यंत तुम्हीच भरलं?"

"तळापस्तोर, साहेब!"

"बरं. घरीच थांबा. आम्ही येतोय."

अप्पांनी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, "घिऊन येत्यात म्हणं. माणसं चांगली हायेत. चहा ठेव."

भाऊ अंगणात पिकप धूत होता. हातात पाण्याचा पाईप. तो तसाच दारात आला आणि चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. ट्रक सुरतेकडे चालला होता. तळाला पुडकी, वर टोमॅटो. शंभर कॅरेटांत घेणाऱ्याला ते एक ओळखू यावं म्हणून घरचंच कॅरेट टाकलं, आणि त्याला अप्पांचं नाव सांगितलं. पोलिसांनी ट्रक अडवला होता.

"मी जातो कुठंतरी," तो म्हणाला.

"कुठं जातो?" आई म्हणाली. "तुझं लगीन व्हायचंय अजून." मग ती अप्पांकडे वळली. आवाज चढवला नाही. भाजी काय करायची विचारावं तसं म्हणाली, "तुमी तर फोनवं व्हय म्हणूनच बसलाय. तुमचं आता काय ऱ्हायलंय व्हायचं?"

अप्पा म्हणाले, "खरं हाय. मला म्हाताऱ्याला काय करणार हायेत? दोन म्हैन्यात सोडत्याल."

दोन महिन्यांत सोडत नाहीत हे मला माहीत होतं. या गुन्ह्यात जामीन सहज होत नाही, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या घरात ते वाचलेला मी एकटा होतो, आणि मी गप्प बसलो. पाईपमधलं पाणी उंबऱ्याशी साचत होतं.

अप्पांनी धुतलेला सदरा घातला. जीप आली तोवर चहा झाला होता. आलेल्यांपैकी एकानं तो घेतलाही.

त्या संध्याकाळी भावानं माझा दंड धरला. "लगीन झालं की मी जाऊन हजर हुतो. आईची आण. तोवर तोंड उघडू नगं."

मला वाटलं होतं, बाप जेलात गेल्यावर आता मुलगी कोण देणार? पण भावानं हिवाळ्यात नवी गाडी घेतली. शेठनं त्याला सांभाळलं होतं, आणि गावात कुजबुज अशी की भाऊ आता मोठी पार्टी झाला आहे. तोच मामा, तोच, स्वतःहून आमच्या दारात आला. "झालं गेलं सोडा. पोरानं घर सावरलं, हे बघायचं." पत्रिकेत वर अप्पांचं नाव निमंत्रक म्हणून छापलं. लग्नात शेठ पहिल्या रांगेत होता. माझ्या कानावर नवरदेवाच्या बापाविषयी एकच वाक्य पडलं, "म्हातारा मिटवून गेला सगळं, लई बेस केलं."

लग्नानंतर मी भावाला विचारलं. "थांब जरा," तो म्हणाला. आणखी महिन्यानं विचारलं. "तुला काय घाई? तू बसतोस का आत?" तिसऱ्यांदा त्यानं पाकिटातून पैसे काढून माझ्या खिशात कोंबले. "खोलीचं भाडं," म्हणाला.

अप्पांना भेटायला दोन गाड्या बदलून जावं लागायचं. मध्ये काच आणि कानाला फोन. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "टोमॅटो बांधलं का? सून कशीय?" दुसऱ्यांदा म्हणाले, "समदी तुझ्या वयाची पोरं हायेत रं हितं. मला आजोबा म्हणत्यात." तिसऱ्यांदा टोमॅटोचं नाही, सुनेचं नाही. "आजून किती दिस?" एवढंच. वेळ शिल्लक असतानाच त्यांनी फोन आकड्याला अडकवला आणि पाठ करून बसले.

मी तिथून घरी गेलो नाही. ज्यांनी अप्पांना नेलं त्यांच्याकडे गेलो. हवालदारानं दोनदा ऐकून घेतलं.

"वाटणीचं भांडण हाय का?"

"नाही."

"मंग सख्ख्या भावावर का उठलास?"

"वडील घरी यावेत म्हणून."

"बाप सोता कबूल हाय. तुलाच काय अडचण?" असं म्हणत त्यानं लिहून घेतलं. मी लगेच सही केली. थोडं थांबायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं.

चौथ्या दिवशी भावाला पिकपवरूनच उचललं. त्याचा फोन तपासला, त्यात सगळं निघालं. शेठचं नाव त्यानं घेतलं नाही. शेठला काही झालं नाही. यंदाच्या यात्रेतही त्याचीच बैलं पहिली आली. वहिनी महिन्याभरात माहेरी गेली. गावानं एक वाक्य ठरवलं: धाकट्यानं दीड एकरासाठी थोरला आत घातला. ते वाक्य मला मंचरला येऊन ऐकवणारे आमच्याच वाडीचे होते. आई माझा फोन उचलत नव्हती. मी दर रविवारी लावायचो, पूर्ण वाजून बंद व्हायचा. अप्पांच्या जामिनाचं वकिलाला विचारलं की तो म्हणायचा, होईल.

मागच्या आठवड्यात दुपारी कॉलेजच्या जिन्यात असताना फोन वाजला. आईचा होता.

"अप्पा आलं," ती म्हणाली.

"कधी?"

"मंगळवारी."

त्या दिवशी शुक्रवार होता. मी म्हणालो, "मी निघतो. आत्ताची गाडी मिळेल."

"नगं."

जिन्यावरून पोरं उतरत होती. मी भिंतीला लागून उभा राहिलो.

"मी सांगत न्हाई, त्येंनीच सांगितलंय," आई म्हणाली. "थोरला घरी येईस्तोवर धाकट्यानं उंबरा चढायचा न्हाई म्हणालं."

"बरे आहेत का ते?"

"बरं हायेत. जेवत्यात," ती म्हणाली. "तू येऊ नगं."