मी बरी झाले

बारामतीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी इंटरनेट आलं आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मी तेव्हा दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायला होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हशींचं दूध नळीत घ्यायचं, त्यात किती पाणी आहे ते सांगायचं आणि वर शिव्या खायच्या, असं काम. पण माझा जीव होता कॅमेऱ्यात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून मी तो जुना घेतला होता. सुट्टी आली की एसटी धरून कुठंतरी जायचं आणि फोटो काढायचे. इंदापूरच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरायचे. लांबचं दिसेल असं भिंग माझ्याकडं नव्हतं, त्यामुळं माझ्या फोटोत ते सांडलेल्या पिठासारखे दिसायचे. तरी मी काढतच राहायचो.

छापखान्याच्या मालकानंच मला नादाला लावलं. परदेशातली एक वेबसाइट आहे, तिथं कुणीही आपले फोटो पाठवावेत, ज्याला लागतील तो विकत घेतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. पत्रिकांवरचे गणपती उतरवायला त्यानं स्कॅनर घेतलाच होता. तो म्हणाला, "दूध एकदा इकलं की संपलं. फोटूचं तसं न्हाय. तुमी झोपलेले असला तरी इकला जातोय." एवढं ऐकल्यावर मी नळीतल्या दुधाकडं नीट बघेनासाच झालो.

एक फोटो वर चढवायला जो वेळ लागायचा, तेवढ्यात मी घरी कऱ्हाटीला जाऊन जेवून परत आलो असतो. फोनची लाइन मधेच तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. तिकडून उत्तर यायचं ते नकाराचंच. कधी फोटो पुरेसा स्पष्ट नाही, कधी याला बाजारात मागणी नाही. उसाच्या गाड्यांना नाही, द्राक्षांच्या बागेला नाही, सूर्यास्ताला तर नाहीच, सूर्यास्त म्हणे त्यांच्याकडं पोत्यानं पडून होते. मी चिडायचो. सातासमुद्रापलीकडं बसून कुणीतरी माझ्या तालुक्याला नापास करतोय असं वाटायचं. मग एकदा त्यांनी लिहिलं की माणसं पाठवा, हसरी, साधी, गावाकडची माणसं.

आमच्याकडं फोटो म्हटलं की माणूस हसायचं आधी बंद करतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॅमेरा दाखवला की ते टोपी नीट करून, हात मांड्यांना चिकटवून, सरकारी चौकशीला उभं राहिल्यासारखे उभे राहायचे. आजोबांच्या काळात आमची मेंढरं होती, घर पाठीवर घेऊन फिरणारी माणसं आम्ही. आता थोडी शेती आणि दावणीला चार शेरडं राहिली होती. त्या शेरडांतल्याच एका करडानं माझं काम केलं. धाकटी बहीण गोठ्यापुढच्या हौदावर तोंड धूत होती, तेवढ्यात करडानं तिच्या ओढणीचं टोक तोंडात धरून चालायला सुरुवात केली. ओला चेहरा तसाच वळवून ती हसली. मी बटण दाबलं. इतका बरा फोटो मी आयुष्यात त्याआधी काढला नव्हता.

वेबसाइटला फोटोतल्या माणसाची सही लागायची. छापखान्यात इंग्रजी कागद काढून मी घरी नेला. बहीण दहावी पास होती, पण तिच्या गोल अक्षरातली सही मराठीच. तिनं विचारलं, "ह्यात काय लिव्हलंय दादा?" मलाही अर्धंच कळलं होतं. फोटो वापरायला तुझी हरकत नाही, एवढंच, असं मी सांगितलं. "माझी कशाला हरकत आसंल?" म्हणत तिनं सही केली आणि करडाचीही घ्यायची का, असं विचारून मला हसवलं.

तो फोटो त्यांनी घेतला आणि पुढं काही महिन्यांनी तो विकला गेला. छापखान्याच्या मालकानं डेअरीवर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा मी नळी हातातच ठेवून उभा राहिलो. संध्याकाळी पेढे घेऊन घरी गेलो. आई देवापुढं ठेवायला गेली. आबांनी पेढा हातात धरून विचारलं, "कुणी घेतला?"

"ते कळत न्हाय आबा. कुणीबी घिऊ शकतंय."

"त्येला काय करायचाय आपल्या पोरीचा फोटू?"

मला त्यांचा राग आला. एवढी मोठी गोष्ट घडली आणि म्हातारा फाटे फोडत बसलाय, असं वाटलं. पुस्तकात छापतील, कॅलेंडरवर छापतील, असं काहीतरी मी बोलून गेलो. डेअरीतली नोकरी सोडायचे विचार त्या रात्री माझ्या डोक्यात पक्के झाले.

त्याच हिवाळ्यात बहिणीला इंदापूरच्या बाजूचं स्थळ आलं. मामानं आणलं होतं. कालव्याचं पाणी, ढोबळी मिरची, कलिंगडं, माल थेट पुण्याच्या बाजारात. मुलगा स्वतः ट्रॅक्टर चालवायचा आणि बोलायला लाजायचा. बघायला आले, पोहे खाल्ले, मुलाच्या वडिलांनी, त्यांना सगळे तात्या म्हणत, बहिणीला दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्याच दिवशी पसंतीचा निरोप धाडला. सुपारी फोडायची तेवढी राहिली. बहीण काही बोलायची नाही, पण हौदावर पाणी भरताना गुणगुणायला लागली होती. आबा माणसांत बसून पावसापाण्याचं बोलता बोलता मधेच कालव्याचं बोलायचे. कोरडवाहू घरातली लेक बागायती घरात पडणार, याहून मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं. आमच्या घरात त्या दिवसांत सगळं त्या लग्नाभोवतीच फिरत होतं.

आणि मग एके दुपारी, मी डेअरीवर आणि आबा रानात असताना, तिकडच्या दोन बायका न सांगता घरी आल्या. मुलाची आई आणि आत्या. आईची धांदल उडाली. आत्याबाईंनी बहिणीला बोलावून अगदी शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला, बांगड्या बघितल्या, हाताची बोटं उलटीसुलटी केली, पायाला भिंगरी आहे का बघते म्हणून पावलंही बघितली. आईला वाटलं, माया करतायत. मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि चहा उकळत असतानाच उठल्या. एसटी चुकेल म्हणाल्या. आईनं कुंकू लावायला करंडा आणला, तोवर त्या अंगणात पोचल्या होत्या.

चार दिवसांनी मामा आला आणि ओट्यावर टेकून त्यानं लग्न मोडल्याचं सांगितलं. कारण विचारलं तर माझ्याकडं बघत म्हणाला, "तिकडं दवाखान्यात भिताडावर आपल्या पोरीचा फोटू हाय म्हनं. तू एकदा जाऊन बघून ये."

सकाळची पहिली गाडी धरून मी गेलो. दवाखाना साधाच, बाहेर बाकडी, आत भिंतीवर चार-पाच पोस्टरं. त्यातल्या एकावर माझी बहीण होती. करडू कापून टाकलं होतं. ओढणीचं टोक कुठंतरी बाहेर ओढलं जात होतं आणि ती आमच्या हौदावरचं हसू हसत होती. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं: "मला कुष्ठरोग होता. मी वेळेवर औषध घेतलं. मी बरी झाले." खाली लक्षणं. अंगावर फिकट चट्टा, त्या जागी चिमटा काढला तरी कळत नाही. कुठल्याशा लांबच्या संस्थेनं लोकांच्या भल्यासाठी काढलेलं पोस्टर होतं ते. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. रोग बरा होतो हे खरं, औषध घ्यावं हे खरं. खोटा होता फक्त 'मी' हा एक शब्द, आणि तो तिच्या तोंडी मी घातला होता.

मी ते पोस्टर फाडायला हात उचलला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, काय करताय? सरकारी भिंत आहे ती." हात खाली घेतला. एक फाडून काय होणार होतं? असली पोस्टरं किती भिंतींवर लागली असतील, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिथून तात्यांच्या मळ्यात गेलो. ते मिरचीच्या वाफ्यात उभे होते. माणूस वाईट नव्हता. मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. कॅमेरा, छापखाना, इंटरनेट. इंटरनेट या शब्दाशी ते अडखळले. मी म्हणालो, टेलिफोनच्या तारेवरनं फोटो जातो आणि जगात कुणीही विकत घेतो. तिला कसलाही रोग नाही, नव्हता. फक्त फोटो तिचा आहे.

तात्यांनी वाफ्यातलं तण उपटून बांधावर टाकलं. मग म्हणाले, "म्हंजी तुमी भणीचा फोटू इकला?"

रोग नाही हे पटवायचं, तर विकला हे कबूल करायला हवं. विकला नाही म्हणावं, तर मग तो भिंतीवर आला कसा? मी म्हणालो, "तात्या, डॉक्टरचा दाखला आणतो. मोठ्या दवाखान्यातला."

"दाखला कुनाकुनाला दावनार? ज्येला म्हाईत न्हाय त्येलाबी कळंल," ते म्हणाले. "आन् भिताडावरची पोरगी सोताच म्हनतीया, मी बरी झाले. बरी झाली म्हंजी आदी हुता की."

"तिला नव्हता."

"मीबी तसंच म्हनत हुतो. इंटरन्याट का काय ते कळंना, पर कायतरी घोटाळा आसंल म्हनलं. म्हनून तर बायकांना धाडलं." त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. "आमच्या भणीनं माया करता करता पोरीच्या दंडाला चिमटा काढला. बारीक न्हाय, चांगला पिळून काढला. पोरगी हलली न्हाय. त्वांडावरची माशीबी उडाली न्हाय. आता तुमीच सांगा, आमी काय समजायचं?"

मी उठलो.

इंदापूरहून सरळ बारामतीला, छापखान्यात. मालकाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता तो फोटो तिथून काढून टाक. त्यानं लाइन जोडली. ती तुटली, पुन्हा जोडली. वेबसाइट उघडल्यावर आधी एक पत्र दिसलं. अभिनंदन, तुमचा हा फोटो पुन्हा विकला गेला आहे. कुणाला, कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. नियम बघितले तर पुढची विक्री थांबवता येत होती. जे विकले गेले ते गेले. मालक खुर्चीत चुळबुळ करत म्हणाला, "चांगल्या कामाला बी घेतला आसंल कुणी." चांगल्या कामालाच तर घेतला होता.

दिवस मावळताना घरी पोचलो. बहीण ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मामानं काय सांगितलं ते तिला तोवर सगळं कळलं होतं. मी तिच्यापुढं बसलो आणि विचारलं, "त्या बाईनं तुला चिमटा काढला व्हता?"

तिनं होकाराची मान हलवली.

"तुला कळला न्हाई?"

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बाही वर केली. दंडावर कवडीएवढा डाग होता, कडेनं पिवळा पडत चाललेला, मधे अजून काळानिळा. नखाची खूणसुद्धा दिसत होती.

"लई कळला दादा. डोळ्यात पानीच आलं व्हतं," ती म्हणाली. "पर पाव्हन्यांच्या म्होरं हलायचं न्हाय, आवाज करायचा न्हाय, आसंच शिकीवलंय की आईनं. मला वाटलं, माझी सोसायची ताकद बघत्यात. म्हनून लई दम धरला."

आई दारात उभी होती. ती आत गेली आणि तिनं चूल फुंकायला घेतली. बहिणीनं बाही खाली ओढली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तिचं लग्न नंतरही कधी झालं नाही.