भाकरतुकडा ओवाळलेला टर्की

आमच्या घरी टर्की शिजवण्याचा बेत एकदाच झाला, आणि त्या दिवशी टर्कीसकट सगळे पोटभर जेवले.

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. गिरणीजवळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: मी, बायको आणि आई. आमचे साहेब गोरे, स्वभावाने गरीब आणि अगदी एकटे, कारण मडमबाई विलायतेला. नाताळ जवळ आला की ते टर्कीचं असं वर्णन करीत की ऐकता ऐकता माझ्या टाकातून कागदावर शाई ठिबके. त्या पक्ष्याच्या चवीचं मला भयंकर कुतूहल. कोंबडीसारखा लागत असेल की मोरासारखा? (मोर तरी मी कुठे खाल्ला होता म्हणा!) त्या वर्षी साहेबांचा खानसामा नाताळच्या तोंडावर गोव्याला गेला आणि साहेब जिवंत टर्कीपुढे हताश होऊन बसले.

"वर्षातून एकदाच तर खातो मी हे," ते म्हणाले. "आता शिजवणार कोण?"

"माझी बायको, साहेब," मी म्हणालो. "नाताळच्या दुपारी आमच्याकडेच जेवायला या."

बायकोला विचारायचं काम मी संध्याकाळसाठी राखून ठेवलं होतं.

टांग्यातून टर्की घरी निघाला तेव्हा अर्धी गल्ली मागे लागली. शेजारचे बेकरीवाले हुसेनचाचा हातातली पावाची पाटी खाली ठेवून बघत राहिले. "बाबूजी, ये मुर्गा है की ऊंट है जी?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत म्हणालो, विलायती आहे. दोन्ही हातांनी त्याला कवटाळून मी उंबऱ्याशी आलो, तर आई आडवी.

"थांब. पयल्यांदा दारात आलंय. अशी माणसं बघत्यात. दिष्ट लागंल."

आत जाऊन तिने भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणलं. नवी सून, पहिल्यांदा आलेला जावई, बाळंतपणासाठी आलेली लेक, कुणीही असो, आमच्या घरात भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत घ्यायची रीत नाही. टर्की पंख झाडत होता, नख्या माझ्या पोटात रुतत होत्या. म्हणून मीच म्हणालो, "ओवाळ बाई, लवकर ओवाळ." आईने ओवाळलं, तुकडा लांब फेकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि जाता जाता कपाळाला कुंकू लावलं.

बायको आतून बघत होती. "अवं, ह्येला शिजवायचा कशात?" एवढंच तिने विचारलं. आमचं सगळ्यात मोठं पातेलं त्याच्या मानेला पुरलं असतं. शेवटी हुसेनचाचांनी उपाय काढला. नाताळच्या सकाळी कापायचं काम त्यांचं, वाटण बायकोचं आणि भाजायला बेकरीची भट्टी. मी निर्धास्त झालो.

मधले दिवस टर्की जोंधळे खाऊन फुगत गेला. आई त्याला 'पाव्हणा' म्हणायची आणि तो तिच्या लुगड्याला धरून चालायचा. गिरणीचा भोंगा झाला की तो मान ताठ करून भोंग्याला उत्तर द्यायचा. पहिल्या दिवशी गल्ली घाबरली, नंतर पोरं भोंग्याची वाट बघत आमच्या दारात बसू लागली. मी मात्र त्याच्या तंगडीकडे बघत असे.

नाताळच्या सकाळी बायकोने खोबरं भाजलं, कांदा भाजला, पाट्यावर वाटण वाटून हात लालभडक केले. हुसेनचाचा सुरी परजत आले. आणि आई टर्कीला मांडीशी घेऊन दारात बसली.

"ह्येच्यावरून भाकरतुकडा ओवाळलाय," ती म्हणाली. "ह्यो घरचा हाय. घरच्याला कापत्यात व्हय रं?"

"आई, कोंबड्या खातोच की आपण."

"त्येंच्यावरून कवा ओवाळलं?"

"मग उलटं ओवाळता येत नाही का?"

आईने टर्कीला आणखी जवळ ओढलं. मी आशेने हुसेनचाचांकडे वळलो, तर त्यांनी सुरी फडक्यात गुंडाळली होती. "मेहमान करके घर में लिये, अब मेरे से नै कटता बाबूजी," म्हणून ते भट्टीकडे निघूनही गेले. साहेबांना वर्षातून एकदा मिळणारा घास, आणि तो मी आईच्या मांडीवर बसवून ठेवलेला!

"उभं काय ऱ्हायलाय?" बायको म्हणाली. "खाटकाकडं जावा. वाटण वाया घालवू का?"

मी मटण घेऊन आलो. तिने झणझणीत रस्सा केला, भाकऱ्या थापल्या. वाटेत मला एक अक्कल सुचली होती. टर्की कसा लागतो हे साहेब सोडून आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आमचा रस्सा खाल्ल्यावर ते साहेबांनाही आठवणार नव्हतं. आईला मी टर्की घेऊन परसदारी बसायला सांगितलं.

साहेब आले. आईने परसदारातून येऊन त्यांच्यावरूनही भाकरतुकडा ओवाळला आणि ती परत गेली. साहेबांनी टोपी काढून मान लववली. पाटावर बसताना त्यांची विजार कुरकुरली. पहिल्या घासाला ते लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला म्हणाले, "टर्की बहोत अच्छा! पण याची तंगडी कुठे आहे?"

"सोलापुरी पद्धतीत तंगडी विरघळते, साहेब," मी म्हणालो.

बायकोने रस्सा वाढता वाढता पदर तोंडात धरला. तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला.

परसदारातून खणखणीत उत्तर आलं. पाठोपाठ उत्तर देणारा स्वतः आला, कपाळाला ताजं कुंकू, मागे धावत आई. तो थेट साहेबांच्या पानापाशी उभा राहिला आणि त्यांची भाकरी खाऊ लागला. साहेबांनी पानात पाहिलं, टर्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

इंग्रजीत मी एवढंच सांगू शकलो, की माझ्या आईने या पक्ष्याभोवती भाकरी फिरवली आहे. साहेबांना ती पाककृती वाटली. "आणि मग भट्टीत केव्हा घालतात?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

शेवटी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून साहेबांनी हातातला घास पानात ठेवला. माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो.

"दारात माझ्याभोवतीही त्यांनी भाकरी फिरवली," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मीही घरचा?"

मी आईला विचारलं. "व्हय की," ती म्हणाली. "त्येला म्हणावं, लाजू नगं, पोटभर जेव."

साहेबांनी आणखी रस्सा मागितला, आणि टर्की आईकडेच राहू द्या म्हणाले. त्यांना इतकं हसताना मी कचेरीत कधी पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं. तरी टर्की कसा लागतो, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

संध्याकाळी बायको पाटा धूत होती. न विचारता साहेबाला जेवायला बोलावलं, वर विरघळलेली तंगडी तिच्या हातच्या रश्शाच्या नावावर खपवली, याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. मला राहवलं नाही. "रागावलीस?" मी विचारलं.

"सकाळी चाचाच्या सुरीकडं बघत हुते की जरा," ती म्हणाली. "पर काय करू? आमच्या आईनं तुमच्यावरून बी ओवाळलंय."