कानामागची खपली

जेवण करून आडवी होते. डोळा लागतो न लागतो. स्वयंपाकघरात हे भांडी आवरतायत, त्याचा आवाज अजून कानावर येतोय. एवढ्यात कुणीतरी खिडकीचा पडदा सरकवतं आणि ऊन थेट तोंडावर येतं. आम्ही सूर्यमुखी माणसं, जन्मतःच कातडीत नि केसांत रंग नसलेली. ऊन आम्हाला नुसतं लागत नाही, टोचतं.

"पडदा लाव," मी म्हणते.

"लावतो. आधी कूस बदल," भूपालदादा म्हणतो.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्यासारखाच पांढऱ्या भुवयांचा. द्राक्षबागेत उभा जन्म काढला आणि कानामागच्या कॅन्सरनं गेला. तो गेलाय हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी मी विचारते, "जेवलास?"

मी कूस बदलते, तर आम्ही बागेत उभे आहोत. दादाच्या अंगात बिनबाह्यांची बंडी, मान लालबुंद.

"टोपी कुठाय रे तुझी?"

"गडी हसायचे. विलायतेचा साहेब आला म्हणायचे." तो पुढं चालू लागतो. "तू दाखव."

"काय?"

"कान."

माझा हात आपोआप कानावर जातो. "काही नाही रे. चष्म्याची काडी घासते. हळद लावतेय."

"मीही तेच म्हणायचो. माझ्या काडीला कापूस गुंडाळला होता," तो म्हणतो.

वेलींखालची सावली गार होत जाते. फिनेलचा वास येतो. घडांच्या जागी सलाईनच्या बाटल्या लोंबतायत. दादा लोखंडी खाटेवर बसलाय, अर्ध्या डोक्याला पट्टी. मला तिथून निघायचंय, पण वॉर्डाला दारच नाही.

"खपली धरते ना?" तो विचारतो.

"धरते की. बरी होतेय."

"मग?"

"मग पडते."

"आणि मग, पद्मा?"

मी चिडते. "मी तुझ्यासारखी नाही. मी टोपी घालते, पूर्ण बाह्या घालते, उन्हाचं मलम लावल्याशिवाय शाळेत शिकवायला जात नाही."

"कानामागं लावतेस?"

मलम कुठं कुठं लावते ते मी मनात मोजते. कपाळ, नाक, गाल, हाताचे पंजे. शाळेच्या पटांगणात प्रार्थनेला रोज उभी असते, सूर्य पाठीमागं. केसांचा अंबाडा वर बांधलेला.

"लहानपणी तर काहीच लावत नव्हतो आपण," दादा हळू म्हणतो. "ते ऊन कुठं गेलं असेल असं वाटतं तुला?"

"गप्प बस."

"डॉक्टरांनी मला विचारलं, इतके दिवस काय करत होता? तू काय सांगशील?"

"भीती वाटते रे."

"मलाही वाटायची. भीतीनं जखम वाढायची थांबली नाही."

तो खाटेवरून उठतो. मी दोन्ही हातांनी कान झाकते. तो माझी बोटं एकेक करून सोडवतो. त्याचे हात उन्हात पडलेल्या पत्र्यासारखे तापलेत.

"दादा, दुखतंय!"

"दुखू दे."

मी किंचाळते आणि जागी होते. पडदा बंद आहे. माझीच नखं कानामागं रुतलेली. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ओला ठिपका पडलाय. त्याच्या आजूबाजूला जुने तपकिरी डाग आहेत, धुऊनही न गेलेले. इतके दिवस मी ते डोक्याच्या तेलाचे समजत होते.

हे ओल्या हातांनीच धावत येतात. "काय झालं?"

मी केस बाजूला करते. पहिल्यांदाच कुणाला तरी दाखवते. ते वाकून बघतात.

"कधीपासून आहे हे?"

"बरेच महिने झाले. अहो, मिरजेला जाऊया. कातडीच्या डॉक्टरांकडं."

"जाऊ. जरा ऊन उतरू दे."

"नको," मी चपला शोधत म्हणते. "छत्री घ्या."